सोयाबीन विकायचं की ठेवायचं? जोखीम घेण्याची तयारी कशावर ठरते

सोयाबीनची रास झाली की लातूर-नांदेड भागात घरोघरी एकच चर्चा असते: माल लगेच आडतीवर घालायचा की भाव वाढेपर्यंत ठेवायचा? माल ठेवणं ही आर्थिक जोखीमच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूर बाजारात सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या आसपास गेलं होतं. नवा माल येऊ लागला आणि दोन महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला.

मग एक जण थांबतो आणि दुसरा लगेच विकतो, हा स्वभावाचा फरक का?

सोलापूर-अकोल्यातला प्रयोग

या प्रश्नावरचा जगभर गाजलेला अभ्यास आपल्याच भागातला आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेसाठी अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या गावांत लोकांना खऱ्या पैशांचा खेळ खेळायला दिला. निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

पर्याय साधारण असे होते: ५० रुपये नक्की घ्या, किंवा नाणं उडवा, ४० नाहीतर १२० मिळतील, किंवा थेट शून्य नाहीतर २००. त्या काळी ५० रुपये म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी.

काय दिसलं?

• रक्कम लहान असताना निवडी वेगवेगळ्या होत्या. रक्कम वाढली तसे बहुतेक जण मधल्या, बेताच्या जोखमीकडे वळले.
• श्रीमंत आणि गरीब यांच्या निवडींत फारसा फरक नव्हता.
• आधीच्या डावांत नशिबानं साथ दिलेले लोक पुढे जास्त जोखीम घेत होते.

वय, लिंग, शिक्षण

जर्मनीत सुमारे २२ हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात स्त्रिया आणि वयस्कर लोकांची जोखमीची तयारी सरासरीनं कमी दिसली, तर आईवडील जास्त शिकलेले असणाऱ्यांची जास्त. अर्थात ही सरासरी आहे. त्यावरून कुणा एकाचा स्वभाव सांगता येत नाही.

तयारी वेगळी, ऐपत वेगळी

गरीब शेतकरी जोखीम घेत नाही तो भित्रा म्हणून, असं आपण सहज म्हणतो. बिन्सवांगर यांचा निष्कर्ष वेगळा होता: मनाची तयारी सारखीच असते, फरक पडतो तो हातातल्या पैशात आणि कर्ज मिळण्यात. दुकानदाराची उधारी, पोरांची फी आणि रब्बीचं बियाणं एकदमच समोर आलं, तर धाडसी माणूसही पडत्या भावात विकतो.

म्हणूनच शेतमाल तारण योजना महत्त्वाची. कृषी पणन मंडळाच्या या योजनेत बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज वार्षिक ६ टक्के, मुदत १८० दिवस. त्यामुळे थांबण्याची ऐपत येते, पण भाव पडण्याचा धोका शेतकऱ्याकडेच राहतो. म्हणून माल ठेवण्याआधी हिशेब करावा: भाव निम्म्यावर आला तरी कर्ज फिटेल का, आणि घर चालेल का?