‘निदान’ शब्दाचे अर्थांतर आणि होमोसिस्टीनचा इतिहास

नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक ह्या दोन्ही शाखा येतात. ‘निदान’ हा शब्द दोहोंकडे आहे. अर्थ मात्र एक नाही. माधवनिदानातील निदानपंचकात निदान म्हणजे रोगाचा हेतू, आणि रोगाची व्यक्त खूण म्हणजे रूप. आजच्या मराठीत निदान करणे म्हणजे रोग ओळखणे होय. हेतुवाचक शब्द असा ओळखवाचक झाला. हृद्रोगाविषयीच्या रक्तपरीक्षांच्या इतिहासात नेमका उलट प्रकार घडलेला दिसतो : तेथे खुणेलाच हेतू मानले गेले.

ह्या परीक्षा दोन जातींच्या आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एका ट्रान्सॲमिनेज एंझाइमाचे प्रमाण वाढते, हे १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखविले. आजची ट्रोपोनिनची परीक्षा ह्याच जातीची. ती झालेल्या इजेची साक्ष देते. दुसरी जात भाकिताची. फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतून १९६१ मध्ये ‘जोखीम घटक’ ही संज्ञा रूढ झाली आणि कोलेस्टेरॉलला महत्त्व आले. ते औषधाने उतरविल्यास मृत्यू कमी होतात, हे १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांवरील प्रयोगाने दाखविले. तेव्हा त्याच्या हेतुत्वास भक्कम आधार मिळाला.

होमोसिस्टीनचे तसे झाले नाही. चयापचयाचे निरनिराळे जन्मजात दोष असलेल्या दोन बालकांच्या रोहिण्यांत सारखीच विकृती आढळली. दोघांच्याही रक्तात होमोसिस्टीन वाढलेले होते. त्यावरून बोस्टनच्या किल्मर मॅक्कली यांनी १९६९ मध्ये ह्या द्रव्यास रोहिणीविकाराचे कारण ठरविणारा सिद्धांत मांडला.

ह्या सिद्धांताची खरी कसोटी लागावी अशी भूमी पुण्याची होती. नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम आणि पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक प्रभृतींनी २००१ मध्ये २०४ पुणेकरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७७ टक्के व्यक्तींत होमोसिस्टीन अधिक होते. परंतु हृद्रोगी, मधुमेही आणि निरोगी ह्या गटांत लक्षणीय भेद दिसला नाही. २००६ मध्ये ४४१ पुरुषांच्या पाहणीत शहरी मध्यमवर्गातील ८१ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी, तर ७९ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक आढळले. शाकाहाराशी असलेला संबंध स्पष्ट होता. त्याच वर्षी नॉर्वेतील ३,७४९ हृद्रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : फॉलिक आम्ल व ब-१२ दिल्याने होमोसिस्टीन सुमारे २७ टक्क्यांनी उतरले, तरी पुढील झटके टळले नाहीत.

ह्यावरून पुण्यातील आकडे निरर्थक ठरत नाहीत. त्यांचा अर्थ बदलतो. वाढलेले होमोसिस्टीन येथे प्रामुख्याने आहारातील उणिवेचे रूप आहे. ती उणीव मज्जासंस्थेस आणि गर्भाच्या वाढीस बाधक असल्याने तिची दखल घेणे अवश्य आहे. मात्र तेवढ्यावरून हृद्रोगाचे भाकीत करणे युक्त नव्हे. रक्तातील आकडा सर्वत्र एकाच एककात मोजला जातो, पण त्याचा अर्थ त्या त्या प्रदेशाच्या अन्नावर अवलंबून राहतो. रूप आणि निदान ह्यांना दोन स्वतंत्र नावे देणाऱ्या जुन्या परिभाषेचे मोल येथे प्रत्ययास येते.