सीएसएस छळते: दोष रचनेचा की शिकणाऱ्याचा?

बंगळुरू, हैदराबाद, पुणे, कुठेही वेबसाइट बनवणाऱ्या पोराला विचारा, सगळ्यांत जास्त डोकं कशानं खाल्लं? बऱ्याचदा उत्तर येईल, सीएसएस. पानाचे रंग, अक्षरं, मांडणी ठरवणारी ही भाषा. एक पक्ष म्हणतो, भाषाच भिकार. दुसरा म्हणतो, तुम्ही नीट शिकलाच नाहीत. फौजेत हा वाद जुना आहे. हत्यार अडलं की कारखाना जवानाकडे बोट दाखवतो आणि जवान कारखान्याकडे. अशा वेळी आधी हत्याराचा इतिहास काढायचा.

ऑक्टोबर १९९४. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात हॉकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन तरुणाने प्रस्ताव मांडला. पुढे डच संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस त्याला येऊन मिळाले. पानाचं रूप एकट्या लेखकाने ठरवायचं नाही. वाचकाची पसंती आणि ब्राउझरचे मूळ नियमही धरायचे, ही कल्पना. मग हुकमावर हुकूम आदळणारच. कुणाचा चालणार, याची उतरंड म्हणजे 'कॅस्केड'. नेमका नियम ढोबळ नियमाला हटवतो. दोन्ही सारखेच नेमके असतील, तर शेवटचा चालतो. मला यात विचित्र काही दिसत नाही. पलटणीत कायमचे आदेश असतात आणि त्यावर त्या दिवसाचे आदेश असतात. उतरंड न वाचता नियमामागून नियम ठोकत बसला, त्याची कटकट शिक्षणाचीच.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारू नका. पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये आलं. त्यात चौकटीची रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. २०० पिक्सेलच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल मोकळी जागा आणि ५ पिक्सेलची किनार दिली, की ती पानावर २५० जागा खाणार. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर मात्र सगळं २०० मध्येच बसवायचा. २००१ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने प्रमाण पाळलं, तेही पानाच्या डोक्यावर योग्य घोषणा असेल तरच. गंमत अशी की, सीएसएसचं काम पाहणाऱ्या गटाने स्वतःच्या चुकांची यादी ठेवली आहे, आणि किनारीसकट मोजणंच मूळ नियम असायला हवा होता, हे त्या यादीत नोंदलेलं आहे!

स्तंभ पाडायला तर धड साधनच नव्हतं. चित्राभोवती मजकूर वाहावा म्हणून दिलेल्या 'फ्लोट'वर पोरांनी अख्खी पानं उभी केली. खरी जाळी, म्हणजे 'ग्रिड', मोठ्या ब्राउझरांत आली २०१७ मध्ये. वीस वर्षं जे हत्यार दिलंच नाही, ते चालवता येत नाही म्हणून शिक्षा कुणाला करणार? तोवरचा मोठा दोष मी रचनेवर आणि आपसात भांडणाऱ्या ब्राउझर कंपन्यांवर टाकतो. त्यानंतरची तक्रार असेल, तर आधी त्याने काय वाचलंय ते विचारीन.

मूळ नियम मात्र आता बदलता येत नाही, जुनी पानं मोडतील. म्हणून आजही बरेच जण नव्या कामाच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहून टाकतात: बॉक्स-सायझिंग, बॉर्डर-बॉक्स.