पोहरा होता, दोर नव्हता

राहुरीतल्या एका गोदामात मी एक लाल पेटी पाहिली होती. भिंतीवर, नजरेच्या उंचीवर, वर ठळक अक्षरांत ‘आपत्कालीन’ असं लिहिलेली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते नगरला गेले होते. संध्याकाळी किल्ली आली. आत हातमोज्यांची एकच जोडी निघाली, तीही उन्हाळ्यात वितळून एकमेकांना चिकटलेली. मास्कच्या डबीवरची मुदत कधीच उलटून गेली होती. शेजारच्या वाळूच्या बादलीत विड्यांची थोटकं होती. तिथून दहा पावलांवर आम्लाचे कॅन रचलेले होते.

त्या पेटीपुढे मला भोपाळ आठवलं. मोठ्या कारखान्याची मोठी दुर्घटना म्हणून आपण ती लांब ठेवतो. पण तिथे तयार होत होतं ते शेतावर मारायचं औषधच: सेव्हिन, म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक. डिसेंबर 1984 मधल्या त्या गॅसगळतीच्या रात्रीचा घटनाक्रम एकच प्रश्न मनात ठेवून वाचून पाहावा. वाचवणारं साधन कोणतं होतं, आणि वेळ आली तेव्हा ते कुठे होतं?

डिसेंबर 1981 : तीन वर्षं आधी

युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यात दुरुस्तीचं काम चालू असताना एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडतं. तोंडावर मास्क आहे. घाबरून तो मास्क ओढून काढतो आणि विषारी वाफ छातीत जाते. तो वाचत नाही. साधन होतं, अंगावरही होतं. पण जीव घाबरा झाला की हात आपोआप मास्ककडे जातो. तो तिथून मागे घ्यायची सवय सरावानेच लागते. या मृत्यूनंतर पत्रकार राजकुमार केसवानी कारखान्याचा पाठपुरावा सुरू करतात. 1982 मध्ये ते शहराला उघड इशारा देणारे लेख लिहितात. त्याच वर्षी अमेरिकेहून आलेलं कंपनीचं तपासणी पथकही सुरक्षेतल्या त्रुटी नोंदवून जातं.

जून 1984 : सहा महिने आधी

सेव्हिनसाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, जमिनीत अर्ध्या गाडलेल्या पोलादी टाक्यांमध्ये साठवलेला आहे. हा द्रव अवघ्या 39 अंशांना उकळतो आणि पाण्याशी गाठ पडली की स्वतःच तापत जातो. म्हणून तो शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचा असतो. ती शीतकरण यंत्रणा या महिन्यात बंद केली जाते. तिच्यातला फ्रिऑन काढून कारखान्यात दुसरीकडे वापरला जातो. टाक्या आता बाहेरच्या हवेइतक्याच गरम राहतात, त्यामुळे तापमान वाढल्याचा इशारा देणारी घंटाही निरुपयोगी ठरते. विहीर आहे, पोहरा आहे, दोर मात्र दुसऱ्या कामाला नेलेला आहे.

ऑक्टोबर 1984 : सहा आठवडे आधी

मिकचं उत्पादन थांबतं. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 42 टन मिक पडून आहे. टाकी निम्म्याच्या वर भरायची नाही, असा नियम असताना. तिच्यात नायट्रोजनचा दाब टिकेनासा झाला आहे. गॅस सुटलाच तर कॉस्टिक सोड्यात तो निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नाही. उरलेला गॅस जाळून टाकणाऱ्या उंच ज्योत-मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवला आहे. अडीअडचणीला रिकामी ठेवायची तिसरी टाकीही पूर्ण रिकामी नाही.

कागदावर सगळी साधनं जागच्या जागी आहेत.

रविवार, 2 डिसेंबर 1984, रात्री 9:30 : तीन तास आधी

कामगार नळ पाण्याने धुताहेत. धुण्याचं पाणी पुढे जाऊ नये म्हणून जोडावर लोखंडी चकती घालायची असते. ती घातलेली नाही. 610 मध्ये पाणी शिरलं, याबद्दल दुमत नाही. ते कसं शिरलं, यावर वाद आहे: कंपनीने घातपाताचा दावा केला, कामगारांनी धुण्याच्या पाण्याकडे आणि गळक्या झडपांकडे बोट दाखवलं. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा अर्थ एकच निघतो. पाणी कसंही आलं असतं, तरी त्याच्यापुढे उभ्या असायला हव्या होत्या त्या सगळ्या भिंती आधीच पाडून ठेवलेल्या होत्या.

रात्री 11:00 : पावणेदोन तास आधी

पाळी बदललेली आहे. टाकीचा दाब दर चौरस इंचाला दोन पौंडांवरून दहा पौंडांवर गेला आहे. दहाचा आकडा एरवीही दिसतो आणि इथली मापकं बिघडलेली असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

रात्री 11:30

कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. इथे हे नवीन नाही. छोटी गळती झाली की आधी डोळ्यांना कळतं. पंधरा मिनिटांत गळती सापडते आणि पर्यवेक्षकाच्या कानावर जाते. चहाच्या सुट्टीनंतर बघू, असं ठरतं.

सोमवार, 3 डिसेंबर, रात्री 12:15

चहा.

रात्री 12:40

तापमानाचा काटा मापकाच्या शेवटच्या आकड्यापलीकडे गेला आहे. टाकीवरचा काँक्रीटचा थर तडकतो, सुरक्षा झडप उघडते आणि गॅस उंच नळीतून बाहेर पडू लागतो. आता एकेक साधन हाताशी घेतलं जातं. स्क्रबर हा लोंढा अडवू शकत नाही. ज्योत-मनोऱ्याकडे गॅस वळवावा तर मधला नळ नाही. शीतकरणात फ्रिऑन नाही. अग्निशमनाची माणसं पाण्याचे फवारे सोडतात. ते साधारण पंधरा मीटर उंच जातात आणि गॅस तीस मीटरच्याही वरून सुटतो आहे. माणसं धीराने उभी आहेत. त्यांच्या हातातला फवारा तोकडा पडला आहे.

रात्री 12:50

भोंगा वाजतो. पण वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला जातो. कारखान्याचा आणि वस्तीचा असे दोन्ही भोंगे दोन वर्षांपूर्वी वेगळे केलेले असल्याने तसं करता येतं. आतले कामगार वारा कुठून येतो ते बघून त्याच दिशेने, वाऱ्याच्या विरुद्ध, निघतात. भिंतीपलीकडच्या वस्तीला हे कुणी सांगितलेलं नाही. ओलं फडकं नाकातोंडावर धरावं, हेही नाही. लोक वाट फुटेल तिकडे पळतात आणि अनेक जण गॅसबरोबरच धावत राहतात.

रात्री 1 ते 2

भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांना श्वास घेणं कठीण झालं आहे. तरी फलाटावर माणसांनी भरलेली गाडी ते वेळेआधी सोडतात आणि इकडे येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबवायला कळवतात. त्यांच्याजवळ कुठलीही पेटी नव्हती. काय करायचं हे त्यांना कळलं आणि ते त्यांनी तत्काळ केलं. त्याच वेळी पोलीस कारखान्याला फोन करताहेत, आणि सगळं ठीक असल्याचं उत्तर त्यांना मिळतं आहे.

रात्री 2:15

वस्तीचा भोंगा पुन्हा वाजतो. टाकीतला बहुतेक मिक तोवर हवेत गेलेला आहे. दवाखान्यांत माणसांची रीघ लागली आहे, आणि नेमका कोणता वायू आहे हे डॉक्टरांना नीट सांगितलेलं नाही. रसायनाची माहिती देणारं एक पानही त्या रात्री औषधाइतकंच मोलाचं ठरलं असतं.

सरकारी आकड्यांत तातडीचे मृत्यू 2,259 नोंदले गेले, पुढे मध्य प्रदेश सरकारने 3,787 मान्य केले. बाधितांची सरकारी संख्या 5,58,125. भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1987 मध्ये कारखाना कायदा कडक झाला, 1989 मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले. कायद्याने पेटी भिंतीवर आली. ती उघडून बघणं मात्र रोजच्या माणसावर आहे.

आज, राहुरी

आपल्या तालुक्यात 42 टन मिक कुठेही नाही. पण साखर कारखान्यात आणि दूध प्रकल्पात धुलाईचा कॉस्टिक आहे, बर्फाच्या कारखान्यात अमोनिया, पाणीपुरवठ्यात क्लोरीन, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तीव्र सल्फ्युरिक आम्ल, कृषी सेवा केंद्राच्या फळीवर कीटकनाशकं. नगर-मनमाड रस्त्यावरून टँकर रात्रंदिवस जातात.

या सगळ्यांना एकच पेटी चालत नाही. सांडलेल्या तीव्र आम्लावर बादलीभर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. त्याला कोरडी वाळू घालून अडवायचं आणि सोडा टाकून शांत करायचं. नायट्रिक आम्लावर लाकडाचा भुसा टाकला तर भुसाच पेटू शकतो. साध्या कापडी मास्कने क्लोरीन अडत नाही, आणि त्यासाठीची डबी एकदा उघडली की तिचं आयुष्य सुरू होऊन संपतंही. डोळ्यांत काही उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं लागतं, म्हणून नळ जवळ हवा आणि त्याला पाणी हवं. पेटीत काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला असावी, दर महिन्याला ती कुणीतरी नाव आणि तारीख घालून तपासावी, वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरावी. आणि रात्रपाळीच्या माणसाने ती पेटी निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडलेली असावी.

भोपाळमध्ये डोळे चुरचुरल्यापासून झडप उघडेपर्यंत सत्तर मिनिटं मिळाली होती. आपल्या गोदामात कॅन आडवा झाला तर एखादं मिनिट मिळेल, फार तर दोन. तेवढ्या वेळात नगरहून किल्ली येत नाही. म्हणून उद्या कामावर पोचलात की आधी ती लाल पेटी गाठा, आणि तिला कुलूप असेल तर ते काढून टाका.