दात्याच्या रक्तातील विषाणू

१९३८ साली कोलकात्याहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये डॉ. मुखर्जी यांनी ‘कूलीज अ‍ॅनिमिया’वर लेख लिहिला. आज थॅलसेमिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्याधीची ही भारतातील पहिली नोंद मानली जाते. पुढे डॉ. जे. बी. चॅटर्जी यांनी तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बंगालातील हिमोग्लोबिन-ई थॅलसेमियाचा पाठपुरावा केला.

अशा बालकाला जगवायचे तर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रोग मुळातून घालवण्याचा रूढ मार्ग म्हणजे निरोगी मूलपेशींचे प्रत्यारोपण. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेही रक्ताच्या कर्करोगावर. दाता बहुधा सख्खे भावंड. ते जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि नेमक्या त्याच भावंडाच्या रक्तात कावीळ-बी किंवा सीचा विषाणू आढळला तर? रक्तपेढी बाधित बाटली फेकून देते आणि दुसरी शोधते. भाऊ मात्र दुसरा शोधता येत नाही.

भीती निराधार नव्हती. सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी १९९४ साली दाखवले, की ज्या दात्यांच्या रक्तात कावीळ-सीचा विषाणू प्रत्यक्ष फिरत होता, त्यांची मज्जा मिळालेल्या सर्व रुग्णांना संसर्ग झाला; नुसती प्रतिपिंडे असलेल्या, पण विषाणू नसलेल्या दात्यांकडून तो पोहोचला नाही. हा भेद फार मोलाचा ठरला. दोनच वर्षांनी अमेरिकेत एका दात्याला आधी इंटरफेरॉन देऊन त्याचा विषाणू दबवण्यात आला. मग घेतलेल्या मज्जेतून संसर्ग गेला नाही. म्हणजे उपचार रुग्णाआधी दात्यावर! वैद्यकाच्या इतिहासातील ही उलटापालट जितकी साधी, तितकीच दुर्लक्षित.

उलट दिशेनेही नवल घडले. १९९३ साली जेरुसलेमच्या वैद्यांनी कावीळ-बीची जुनी लागण असलेल्या रुग्णाला त्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती असलेल्या दात्याची मज्जा दिली. रुग्णाचा विषाणू हटला. दात्याची प्रतिकारशक्ती मज्जेबरोबरच आली होती. सायटोमेगॅलो विषाणूबाबतही तेच. भारतात बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. म्हणून रुग्णही बाधित असेल, तर पूर्वी लागण झालेला दाताच बहुधा अधिक इष्ट.

२०११ साली कोलकात्याच्या राजारहाटमध्ये टाटा मेडिकल सेंटर उभे राहिले. वेल्लोरला १९८६पासून प्रत्यारोपणाची परंपरा रुजवणारे डॉ. मॅमेन चंडी तेथे संचालक म्हणून आले. कावीळ-सीवरील सोफोसबुव्हिरची भारतीय गोळी २०१५मध्ये बाजारात आली, आणि २०१८च्या राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात अशी औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली. साधारण बारा आठवड्यांत दाता विषाणुमुक्त होऊ शकतो. थॅलसेमियाचे बालक रक्त घेत तेवढे थांबू शकते. तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णाला मात्र तेवढे थांबणे अनेकदा परवडत नाही. तेथे आजही संसर्गाची जोखीम आणि रोगाचा वेग यांचा हिशेब रुग्णागणिक मांडावा लागतो.