फ्रॅमिंगहॅम : एका उपनगराने केलेली आरोग्याची मोजणी

एखाद्या लहान वस्तीतील लोकांना नेमके कोणते आजार आहेत, हे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून कळत नाही. तेथे केवळ उपचारांसाठी आलेल्यांचीच नोंद असते. जे आले नाहीत, ज्यांना आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, ते या हिशेबाबाहेर राहतात. त्यामुळे आरोग्यसेवेची आखणी करण्यापूर्वी घरोघरी जाऊन गरजांची पाहणी करणे आवश्यक मानले जाते. या विचाराची दोनदा कसोटी पाहणारे गाव म्हणून अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमचा उल्लेख सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात केला जातो.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील हे उपनगर बोस्टनच्या पश्चिमेस सुमारे ३२ किलोमीटर अंतरावर आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याची लोकसंख्या सुमारे १७ हजार होती. कारखान्यांत काम करणारा कामगारवर्ग, आयर्लंड व इटलीतून आलेली स्थलांतरित कुटुंबे आणि जुने रहिवासी अशी तेथील संमिश्र वस्ती होती. त्यामुळे येथील निष्कर्ष इतर गावांनाही उपयोगी ठरतील, अशी अपेक्षा होती.

क्षयरोगाविरुद्धचा प्रयोग

त्या काळी क्षयरोग हे अमेरिकेतील कामगारवर्गाच्या मृत्यूचे प्रमुख कारण होते. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या कामगार विमेदारांपैकी मोठ्या संख्येने लोक या रोगाला बळी पडत असत. या कंपनीने १९१६ साली एक लाख डॉलरचे साहाय्य देऊ केले आणि राष्ट्रीय क्षयरोग संघटनेच्या देखरेखीखाली हे काम सोपविण्यात आले. डॉ. डोनाल्ड आर्मस्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली १९१७ ते १९२३ या काळात हा उपक्रम राबविण्यात आला. एखाद्या सर्वसाधारण गावाने मनावर घेतले, तर क्षयरोग किती आटोक्यात आणता येतो, हे पाहणे हा त्याचा हेतू होता.

प्रारंभी घरोघरी जाऊन आजारांची पाहणी करण्यात आली. त्यानंतर रहिवाशांच्या वैद्यकीय तपासणीची मोहीम हाती घेण्यात आली. बालकांची ट्युबरक्युलिन चाचणी घेण्यात आली. या तपासणीत पूर्वी कोणत्याही नोंदीत नसलेले अनेक क्षयरुग्ण आढळून आले. गावात रोग नव्याने शिरला नव्हता. तो आधीपासूनच होता. त्याची मोजणी मात्र प्रथमच होत होती.

क्षयरोगावर गुणकारी औषध त्या वेळी उपलब्ध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. त्यामुळे रोग लवकर ओळखणे, रुग्णाला विश्रांती व सकस आहार मिळवून देणे, गरज भासल्यास आरोग्यधामात पाठविणे आणि घरातील इतरांना संसर्गापासून दूर ठेवणे, एवढेच उपाय हाती होते. या उपायांसाठी आरोग्य केंद्र, परिचारिकांच्या गृहभेटी, शाळांतील तपासणी आणि कारखान्यांतील वैद्यकीय सेवा यांची व्यवस्था उभारण्यात आली. याच काळात, १९१८ साली, इन्फ्लुएंझाची जागतिक साथ आली. तरीही हे काम सुरू राहिले.

उपक्रमापूर्वीच्या दशकात या गावात क्षयरोगाने होणाऱ्या मृत्यूंचे वार्षिक प्रमाण दर लाखामागे सरासरी सुमारे १२१ होते. १९२३ साली ते सुमारे ३८ पर्यंत खाली आले. सतरा हजारांच्या वस्तीत याचा अर्थ वर्षाला सुमारे वीस मृत्यूंऐवजी सहा-सात मृत्यू असा होतो. मात्र त्या काळात क्षयरोग सर्वत्रच ओसरत होता. म्हणून तुलनेसाठी मॅसॅच्युसेट्समधील अन्य सात गावांची आकडेवारीही ठेवण्यात आली होती. तेथे मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी घटले, तर फ्रॅमिंगहॅममध्ये ६८ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधील अंतर हेच उपक्रमाचे फलित मानले गेले.

गरज बदलली

पुढील पाव शतकात अमेरिकेतील आजारांचे स्वरूप पालटले. संसर्गजन्य रोग मागे पडले आणि हृदयविकार हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बनले. त्याची कारणे मात्र स्पष्ट नव्हती. वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविकच आहे, असे अनेक डॉक्टर मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला होता.

या पार्श्वभूमीवर १९४८ साली हृदयविकाराच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी पुन्हा फ्रॅमिंगहॅमची निवड करण्यात आली. क्षयरोगाच्या उपक्रमात गावकऱ्यांनी दिलेले सहकार्य हे त्यामागील एक कारण होते. गावाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २८ हजार होती. रहिवाशांच्या यादीतून ६,५०७ जणांची निवड करण्यात आली. त्यांपैकी ४,४६९ जण तपासणीस आले. आणखी ७४० जण स्वेच्छेने सहभागी झाले. अशा प्रकारे ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांचा गट तयार झाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून तपासणीस आणण्याच्या कामी स्थानिक स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. सहभागींची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात येऊ लागली.

उच्च रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉलचे वाढलेले प्रमाण यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे १९६१ सालच्या शोधनिबंधातून पुढे आले. ‘जोखमीचे घटक’ ही संज्ञा वैद्यकशास्त्रात रूढ होण्यास हा निबंध कारणीभूत ठरला. धूम्रपान, स्थूलपणा आणि शारीरिक श्रमांचा अभाव यांचाही हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट होत गेला. १९७१ साली मूळ सहभागींच्या मुलांचा आणि २००२ साली नातवंडांचा समावेश करण्यात आला.

या अभ्यासाच्या मर्यादाही होत्या. मूळ गटातील जवळजवळ सर्वजण गौरवर्णीय होते. गावाची रचना बदलल्यावर १९९४ साली अन्य वंशांच्या रहिवाशांचा स्वतंत्र गट जोडण्यात आला. फ्रॅमिंगहॅमच्या आकडेवारीवरून तयार केलेली जोखीम मोजण्याची सूत्रे दक्षिण आशियाई लोकांना जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. एका वस्तीची मोजणी दुसऱ्या वस्तीच्या मोजणीची जागा घेऊ शकत नाही, हेच यातून दिसून येते.

भारतातील अनुभव

भारतात क्षयरोग आणि हृदयविकार ही दोन्ही आव्हाने एकाच वेळी उभी आहेत. फ्रॅमिंगहॅमला या दोन गरजा एकामागून एक भेटल्या. भारतातील शहरालगतच्या वस्त्यांत त्या अनेकदा एकाच घरात आढळतात. ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ‘सी-बॅक’ या नावाने ओळखला जाणारा अर्ज भरून घेतात. वय, तंबाखू व मद्याचे सेवन, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कौटुंबिक इतिहास यांवर त्यात गुण दिले जातात. ज्यांचे गुण ४ पेक्षा अधिक होतात, त्यांच्या तपासणीस प्राधान्य द्यावे, असे अपेक्षित आहे. क्षयरोगाबाबत ७ डिसेंबर २०२४ रोजी ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत, लक्षणे नसलेल्या परंतु धोका अधिक असलेल्या व्यक्तींचीही क्ष-किरण तपासणी करण्यावर भर देण्यात आला.

अर्ज भरून घेणे हा कामाचा पूर्वार्ध आहे. १९१७ साली फ्रॅमिंगहॅममध्ये आढळलेल्या प्रत्येक रुग्णामागे परिचारिकेची गृहभेट, तपासणीची सोय आणि गरज भासल्यास आरोग्यधामातील खाट यांची व्यवस्था होती. मृत्यूंचे प्रमाण घटले ते या व्यवस्थेमुळे. ज्या वस्तीत उच्च रक्तदाब आढळलेल्या व्यक्तीला पुढील महिन्यात औषध मिळत नाही, तेथे पाहणीचा अहवाल कितीही परिपूर्ण असला तरी गरज आहे तशीच राहते. आणि जेथे मोजणीच झालेली नाही, तेथे औषध कोणाला द्यावयाचे, हेच ठाऊक नसते.