खाली राहिलेल्या झडपेचा शोध

हृदयाच्या उजव्या बाजूस वरच्या कप्प्यातून, म्हणजे कर्णिकेतून, खालच्या कप्प्यात, म्हणजे जवनिकेत, उतरलेले रक्त उलटे वर जाऊ नये म्हणून तीन पाळ्यांची त्रिदल झडप असते. गर्भावस्थेत या पाळ्या स्नायूच्या भिंतीपासून पुरत्या सुट्या झाल्या नाहीत, तर झडप हृदयाच्या टोकाकडे खाली राहते, जवनिकेचा वरचा भाग कर्णिकेत जमा होतो आणि पाळ्या न मिटल्याने रक्त मागे गळते. सुमारे २०,००० जन्मांमागे एका बालकात आढळणाऱ्या या दोषाला एबस्टाइन विकृती म्हणतात.

ब्रेसलाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ, येथील वैद्य विल्हेल्म एबस्टाइन यांनी १८६६ मध्ये, धाप व अंगाचा निळेपणा यांनी ग्रासलेल्या एका १९ वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनावरून या झडपेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. ते इतके नेमके होते की रचनेच्या बाजूने त्यात भर घालण्यासारखे फारसे उरले नाही. तरीही जिवंत माणसात हा दोष ओळखला जाण्यास १९४९ साल उजाडावे लागले. कारण उघड आहे. क्ष-किरणांनी हृदयाची फुगलेली बाह्यरेषा दिसे, झडपेची जागा दिसत नसे. पुढे शिरेतून हृदयात नळी सरकवून दाब आणि विद्युत्-आलेख एकाच वेळी नोंदवण्याची युक्ती निघाली: ज्या ठिकाणी आलेख जवनिकेचा पण दाब कर्णिकेचा, ती जागा खाली राहिलेल्या झडपेच्या वरची. तर्क सुंदर होता, पण अशा हृदयात नळीच्या स्पर्शाने ठोके बिघडण्याची भीती असे.

बिनधोक मार्ग मात्र या दोषाशी संबंध नसलेल्या ठिकाणी निघाला. स्वीडनमधील लुंड येथे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी, धातूतील भेगा शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून उसने आणून चाचपणी केली आणि मग सीमेन्सकडून मिळालेल्या तशाच यंत्राने ऑक्टोबर १९५३ मध्ये हृदयाच्या हालचालीचे प्रतिध्वनी नोंदवले. त्यातील एक वेगवान प्रतिध्वनी कर्णिकेच्या भिंतीचा समजला गेला होता. तो डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या पाळीचा आहे हे एडलर यांना शवांवरील तपासणीनंतर उमगले, आणि या तंत्राचा खरा उपयोग तेथूनच सुरू झाला.

या पहिल्या पद्धतीत ध्वनीची एकच रेषा हृदयातून जाई, त्यामुळे एबस्टाइन विकृतीत त्रिदल झडप उशिरा मिटते एवढेच कळे आणि ती कोठे जोडलेली आहे ते अनुमानावर सोडावे लागे. १९७१ मध्ये रॉटरडॅमच्या निकोलास बॉम यांनी अनेक घटक ओळीने मांडलेला शोधक पुढे आणला, आणि त्याच दशकात चारही कप्पे एका चौकटीत हलताना दिसू लागले. आपल्याकडे ‘टूडी इको’ म्हणतात ती तपासणी हीच. द्विदल व त्रिदल झडपा शेजारी दिसल्याने प्रश्न मोजमापाचा झाला. मात्र निरोगी हृदयातही त्रिदल झडप किंचित खालीच असते, म्हणून केवळ ‘खाली आहे’ म्हणून भागत नाही. हृदयाच्या दोन बाजूंमधील पडद्यालगतची पाळी द्विदल झडपेच्या तुलनेत, शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे, किमान ८ मिलिमीटर खाली असेल, तर निदान पक्के मानतात. उजव्या कप्प्यांचे आकारमान मोजण्यात एमआरआय सरस असला, तरी झडपेची जागा आजही प्रथम इकोवरच ठरते.