‘तमाखू’ शब्द आणि पोथ्यांचा कालनिर्णय

जुन्या पोथींत ‘तमाखू’ हा शब्द आढळला म्हणजे संग्राहकानें क्षणभर थांबावें. तमाखू, तंबाखू, तंबाकू हीं रूपें इतकीं घरचीं झालीं आहेत कीं त्यांचें परकेपण ध्यानांत येत नाहीं. परंतु कालनिर्णयाच्या कामीं तें परकेपणच उपयोगी पडतें.

हा शब्द युरोपांत पसरला तो स्पॅनिश भाषेंतील ‘ताबाको’ ह्या रूपानें. इ. स. 1492 मध्यें कोलंबसाच्या माणसांनीं क्यूबा बेटांत पानांचा धूर घेणारे लोक पाहिले. इ. स. 1535 मध्यें ओव्हिएदो ह्या स्पॅनिश इतिहासकारानें ‘ताबाको’ हें धूर ओढण्याच्या नळीचें नांव म्हणून दिलें. लास कासास ह्यानें तें पानांच्या सुरळीस लाविलें. पुढें तेंच वनस्पतीचें व पानाचें नांव झालें. साधनाचें नांव द्रव्यास मिळावें, ही लक्षणा आपल्या साहित्यशास्त्रास अपरिचित नाहीं.

इ. स. 1510 मध्यें गोवें पोर्तुगीजांनीं घेतलें. त्यांच्याच व्यापारामुळें तंबाखू दक्षिणेंत आली. असद बेगानें ती विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली ती सतराव्या शतकाच्या आरंभीं, आणि इ. स. 1617 मध्यें जहांगीरानें तिला मनाई केली. ‘ताम्रकूट’ हें संस्कृत नांव प्राचीन भासतें खरें, परंतु तें मागाहून योजिलेलें आहे. त्यावरून ‘तमाखू’ची व्युत्पत्ति लावणें म्हणजे नातवापासून आजा काढणें होय.

यवतमाळ येथील शारदाश्रम व य. खु. देशपांडे ह्यांच्या परिश्रमांमुळें महानुभाव पोथ्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वळलें. म्हणून आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ कोशापुरता राहत नाहीं. लीळाचरित्र हा तेराव्या शतकांतील ग्रंथ. त्यांत तांबूल येतो. तमाखू मूळ ग्रंथांत येणें संभवत नाहीं. त्या काळच्या म्हणविल्या जाणाऱ्या एखाद्या ग्रंथांत हा शब्द दिसला, तर तो कोठें आहे हें आधीं पाहावें. समासांत किंवा कोऱ्या पानावर असल्यास ती मागील मालकाची नोंद समजावी. तेवढ्यानें ग्रंथास बाध येत नाहीं. मजकुराच्या ओघांत असल्यास दुसऱ्या प्रतीशीं ताडून पाहावें: तेथें तो नसेल तर भाग प्रक्षिप्त, सर्वत्र असेल तर ग्रंथच अर्वाचीन.

उलट बाजूनें मात्र हा न्याय लावूं नये. शब्द नाहीं एवढ्यावरून पोथी जुनी ठरत नाहीं. तंबाखूचा प्रसंगच आला नसेल तर लेखक तिचें नांव कां घेईल? असो. पोथी फेकण्यापूर्वीं किंवा मिरविण्यापूर्वीं एवढी तपासणी अवश्य व्हावी.